सहल सगळ्यांची, नियम एकटीचा का?



गेल्या जूनमध्ये आम्ही इटलीच्या समुद्रकाठी बारा दिवस राहून आलो. आल्यापासून मंदिरात, महिला मंडळात, लग्नाच्या पंगतीत, जिथे जाईन तिथे एकच प्रश्न. समुद्र कसा होता, गावं कशी होती, हे कुणी विचारत नाही. "खाण्याचं काय केलंत गं?" एवढंच. आणि त्या पाठोपाठ, आवाज जरा खाली आणून, "सासूबाईंचं कसं जमलं?"

माझ्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्यांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे. कंदमूळ नाही, मध नाही, जिथे सामिष शिजतं तिथलं पाणीसुद्धा नाही. त्या बारा दिवसांत यातला एकही नियम मोडला नाही आणि त्या उपाशीही राहिल्या नाहीत. याचं श्रेय माझ्या स्वयंपाकाला नाही. ते आम्ही केलेल्या बेताला आहे. म्हणून आज पाककृती न लिहिता बेताबद्दल लिहिते. माझं मत सरळ आहे. नियम ही सगळं ठरल्यावर बाईनं बॅगेत कोंबायची वस्तू नाही. महिना, गाव, घर ठरवतानाच तो कागदावर पहिला लिहायला हवा, आणि त्याचं काम घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायला हवं.

हे शहाणपण मला आधीच्या फजितीतून आलं.

चार देश आणि मुरमुऱ्याची पुडी

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. निर्वाण लाडू चढवला आणि दोन दिवसांनी विमानात बसलो. सात दिवसांत चार देश. पत्रकावर ठळक अक्षरात 'जैन भोजन मिळेल' असं छापलेलं. मिळालंही. कांदा-लसूण नसलेली भाजी, पण बटाटा घातलेली, आणि तीही रात्री आठ वाजता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे सूर्य पाच-साडेपाचला मावळतो. म्हणजे सासूबाईंच्या दृष्टीनं ते जेवण नव्हतंच.

त्या काहीच बोलल्या नाहीत. बसमध्ये चार वाजता पिशवीतून मुरमुऱ्याची पुडी काढायच्या, दोन केळी खायच्या आणि "माझं झालं" म्हणायच्या. मी पहाटे पाचला उठून हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायच्या किटलीत उपीट शिजवायला बघत होते. एकदा किटली जळाली, त्याचे पैसे भरले. हे गाढ झोपलेले असायचे. चौथ्या दिवशी सासूबाईंना जिना उतरताना चक्कर आली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की बाई चार दिवस जवळजवळ जेवलेलीच नाही.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला नका नेऊ. माझ्यामुळे तुमचा खोळंबा." आणि ह्यांनी मान डोलावली. वाईट हेतूनं नाही, आईच्या काळजीनंच. पण मला ते लागलं. ज्या बाईनं पन्नास वर्षं नियम सांभाळला, तिला त्या नियमाची शिक्षा म्हणून घरी ठेवायचं? आणि तिच्या जागी उद्या मी असेन.

दोन्ही बाजूंचे सल्ले

या विषयावर आपल्यात दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक, "परदेशात चालतं गं, आल्यावर प्रायश्चित्त घ्यायचं." दुसरा, "एवढा नियम आहे तर जायचंच कशाला?"

पहिला सल्ला मला पटत नाही. नियम घेताना आपण 'गावात असेपर्यंत' असं म्हणून घेतलेला नसतो. सवलत हवी असेल तर ती नियम घेतानाच ठेवावी, मोडताना शोधू नये.

दुसऱ्या सल्ल्याचा मात्र मी आदर करते. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपल्या जाण्या-येण्याची मर्यादा आखायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. त्या मर्यादेच्या आत, ठरावीक काळापुरती आणखी लहान हद्द आखायची, ते देशव्रत. माझ्या माहेरच्या एका काकींनी अशी मर्यादा घेतली आहे. त्यांचा मुलगा परदेशात आहे, त्या जात नाहीत, तोच येतो. त्यांच्या तोंडी "जायचंच कशाला" हे शोभतं. पण जिनं स्वतः असं काही घेतलेलं नाही तिनं दुसऱ्याच्या सासूला घरी बसवण्यासाठी ते वापरू नये.

आणि खरं सांगू का, दिग्व्रतानंच मला बेत करायला शिकवलं. ती कल्पना हद्दीची आहे. मागच्या वेळी आमची चूक ती हीच की हद्दच नव्हती. चार देश, रोज नवं हॉटेल, रोज नवं स्वयंपाकघर शोधा. या वेळी स्वाध्यायाच्या वहीतच मी लिहिलं: एक किनारा, एक घर, बारा दिवस. जिनोआ ते ला स्पेत्सिया, शंभर किलोमीटरच्या आतली पट्टी. तिच्यापलीकडे रोम नाही, व्हेनिस नाही, कितीही जवळ वाटलं तरी नाही. मुलं कुरकुरली. पण 'एवढ्या लांब आलोय तर तेही बघून घेऊ' हा लोभ एकदा सुटला की निम्मी दगदग तिथेच संपते.

महिना सूर्याला विचारून

इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा प्रांत आहे. फ्रान्सच्या सीमेपासून धनुष्यासारखा वाकलेला किनारा, मागे लगेच डोंगर, मधोमध जिनोआ शहर. आम्ही त्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात राहिलो. चिंक्वे तेर्रे म्हणून जी पाच गावं फोटोत दिसतात, मॉन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे, ती इथलीच.

आपल्याकडे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सूर्यास्तात साधारण तास-सव्वातासाचा फरक. तिकडे तसं नाही. जिनोआला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साडेसातच्या आसपास. डिसेंबरअखेर पाच वाजायच्या आत. आता याला तिथल्या खाणावळींचं वेळापत्रक जोडून पाहा. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, मग चूल बंद. संध्याकाळचं जेवण सात-साडेसातच्या पुढे. म्हणजे ऑक्टोबरमध्ये गेलात तर चौविहार पाळणाऱ्या बाईला तिथे संध्याकाळी बाहेर काही मिळणं शक्यच नाही, मग ती खाणावळ कितीही शाकाहारी असो. जूनमध्ये तीच बाई साडेसातला सगळ्यांबरोबर बसून, सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, निवांत हात धुऊ शकते.

शिवाय शरद ऋतूत त्या किनाऱ्यावर पावसाचा जोर असतो. २५ ऑक्टोबर २०११ ला वेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सो ही गावं पुरानं आणि दरडींच्या चिखलानं भरून गेली होती. म्हणजे दिवाळीची सुट्टी दोन्ही अर्थांनी वाईट. उलट मे अखेर ते जून म्हणजे मुलांना सुट्टी, दिवस मोठा, आणि आषाढात चातुर्मास बसायच्या आत परत घरी. चातुर्मासात प्रवास न करण्याची आपल्या अनेक घरांत रीत आहे, ती आपोआप पाळली जाते.

एक मात्र लक्षात ठेवा. सव्वानऊपर्यंत उजेड आहे म्हणून पाच वेळा खायचं नसतं. आमच्याकडे पहिल्या दोन दिवशी तेच झालं. सासूबाई हसून म्हणाल्या, "सूर्य थांबलाय, पोट नाही थांबलं." तिसऱ्या दिवसापासून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा व्यवस्थित जेवण, मध्ये फळं, असं ठरवलं.

दिनदर्शिका घेऊन अष्टमी-चतुर्दशी आधीच खुणा करून ठेवा. त्या दिवशी सासूबाईंचं एकाशन असतं. त्या दिवसांना आम्ही लांबची चाल ठेवलीच नाही. घरी राहणं, पूजन-पाठ, संध्याकाळी समुद्रावर फेरी. युरोपात आपली मंदिरं आहेत, लेस्टरला आहे, अँटवर्पला आहे, पण या किनाऱ्यापासून ती फार लांब. रोजच्या जिनदर्शनाचा ज्यांचा नियम आहे त्यांनी आपल्या महाराजांना किंवा माताजींना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावं. आम्ही विचारलं होतं.

हॉटेल नको, घर

आम्ही लेव्हांतो नावाच्या गावात घर भाड्यानं घेतलं. चिंक्वे तेर्रेच्या अगदी शेजारी, पण त्यांच्यात मोडत नाही. पाचही गावांना इथून लोकल रेल्वेनं जाता येतं. गाव सपाट आहे, आणि एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना ते फार महत्त्वाचं. कोर्निलिया स्टेशनपासून वर गावात जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. तिथे बस जाते, पण ती भरली तर पायऱ्याच. या डोंगरउतारांवर शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी चुन्याशिवाय नुसत्या दगडांच्या ताली रचून शेती केली. १९९७ मध्ये युनेस्कोनं या प्रदेशाला जागतिक वारसा म्हटलं ते त्यासाठीही. बघण्यासारखं आहेच, पण रोज चढण्यासारखं नाही.

सासूबाईंना सगळ्यात आवडला तो लेव्हांतोहून बोनास्सोला आणि पुढे फ्रामुराला जाणारा रस्ता. जुना रेल्वेमार्ग बंद झाला, त्याच्या बोगद्यांतून आता पायी आणि सायकलनं जायची वाट केली आहे. चढ नाही. बोगद्यातून बाहेर आलं की एकदम समुद्र.

घर घेताना मी तीन गोष्टी विचारल्या. चूल गॅसची की इंडक्शनची, म्हणजे कुठली भांडी न्यायची ते कळतं. ओव्हन आहे का. आणि बाजार किती पावलांवर. भांडी मात्र आपलीच न्यावीत. भाड्याच्या घरातल्या भांड्यांत काय शिजलं असेल हे विचारण्यात अर्थ नाही. तीन लिटरचा कुकर, एक कढई, तवा, एक पातेलं, पाच ताटल्या, लाटणं आणि पाणी गाळायची दोन फडकी. एवढं एका बॅगेत बसतं.

व्हिसाचंही यातच आलं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मोठ्यांना ९० युरो फी आहे आणि निदान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. राहण्याची जागा दाखवावी लागते, म्हणून हे सगळं थंडीतच ठरवायला बसा. विमानाचं तिकीट काढताना जैन जेवणाचा सांकेतिक शब्द 'व्हीजेएमएल' आहे, तोच नोंदवा. नुसतं 'हिंदू व्हेज' नोंदवलं तर कांदा-बटाटा येणार. रात्रीच्या उड्डाणात सासूबाईंनी काही घेतलंच नाही, पण ते आधी ठरलेलं होतं. ठरवून केलेला उपवास आणि नाइलाजानं घडलेली उपासमार यांत फार अंतर आहे.

तिथलं काय चालतं, काय नाही

या किनाऱ्यावर गरिबांचं अन्न म्हणजे हरभरा, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ. बस्स. पातळ पीठ काही तास भिजवून मोठ्या गोल तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजतात. आपल्या बेसनाच्या धिरड्याची जाडजूड बहीण. काही ठिकाणी वरून कांदा किंवा बारीक मासे घालतात, म्हणून साधीच मागायची. ला स्पेत्सियाकडे मेस्चुआ नावाचं सार करतात. हरभरे, पांढरा घेवडा आणि गहू वेगवेगळे शिजवून एकत्र करायचे, वरून तेल आणि मिरी. कांदा नाही, लसूण नाही. आपल्या आजीनं केलं असतं असं.

फोकाच्चा म्हणजे तेल लावून भाजलेली जाड रोटी. पण तिच्यात खमीर असतं, आणि काही भट्ट्यांत तेलाऐवजी डुकराची चरबी वापरतात. तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात, हा शब्द पाठ करा.

आता ज्या गोष्टी आपल्याला निरुपद्रवी वाटतात त्या सांगते. पार्मेसान चीज. आपल्या मुली ते इथेही शाकाहारी समजून खातात. खरं पार्मिजानो वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणानंच करतात, तसा त्याचा नियमच आहे. ग्राना पादानोचंही तेच. पाकिटावर 'काल्यो' लिहिलं असेल तर ते हेच विरजण, 'काल्यो वेजेताले' म्हणजे वनस्पतीचं. हिरवा पेस्तो याच भागातला. त्यात लसूण असतो आणि हे चीजही. पेस्तो घातलेल्या त्रोफिये नावाच्या पास्त्यात पुन्हा बटाट्याचे तुकडे असतात. ताज्या पास्त्यात बऱ्याचदा अंडं असतं, कोरडा पास्ता साधारण रवा आणि पाणी यांचा. आणि अंजीर. त्या बाजूला अंजिराची झाडं दारोदार आहेत, कुणी प्रेमानं हातावर ठेवतं. पाच उदुंबर फळांचा त्याग ज्यांचा आहे त्यांनी नम्रपणे नको म्हणावं.

युरोपात पाकीटबंद खाण्यावर अंडं, मासे, दूध यांसह चौदा घटक वेगळ्या ठळक अक्षरात छापावेच लागतात. त्यामुळे अंडं पटकन सापडतं. पण कांदा, लसूण, बटाटा त्या चौदांत नाहीत, ते बारीक अक्षरातच वाचावे लागतात. माझ्या मुलानं एक कागद करून सगळ्यांच्या फोनमध्ये टाकला. 'सेन्झा' म्हणजे शिवाय, 'आल्यो' लसूण, 'चिपोल्ला' कांदा, 'पताते' बटाटे, 'कारोते' गाजरं, 'उओवा' अंडी, 'पेशे' मासा, 'आच्चुगे' ते बारीक खारवलेले मासे, जे तिकडे कशातही टाकतात. तिथल्या लोकांना 'धर्मामुळे नाही खात' म्हटलं की ते विनोद करत नाहीत, आत जाऊन विचारून येतात, हा माझा अनुभव.

तुपाची बरणी

आता थोडं कडू लिहिते. आपण सामान भरताना तूप भरतो. बर्फी भरतो. मे महिना असेल तर हापूसही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, तूप त्यातच आलं. ताजी फळं आणि भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच सूट. कढीपत्त्याची जुडीसुद्धा नाही.

"कोण बघतंय, कपड्यांत गुंडाळ," असं मला तिघींनी सांगितलं. मैत्रिणींनो, अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे. राज्याचा नियम डावलून माल नेणं. आपण दर दशलक्षणात ते वाचतो. कंदमूळ टाळण्यासाठी तुपाची बरणी लपवून न्यायची, म्हणजे एक नियम सांभाळताना दुसऱ्याला पाय लावायचा. आम्ही भाजणी, नाचणीचं पीठ, मसाले, लसूण न घातलेली शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी आणि तिखट पुऱ्या नेल्या. तांदूळ, मसूर, हरभरे, भाज्या तिथेच घेतल्या. फुलक्यावर ऑलिव्हचं तेल लावून दिलं तेव्हा सासूबाईंनी आधी वास घेतला, मग दुसरा फुलका मागितला.

कोण काय करणार

हे सगळं वाचून तुमच्या मनात जे आलं ते मला माहीत आहे. "म्हणजे तिथे जाऊनही स्वयंपाकच!" बरोबर. आणि म्हणूनच बेतातला सगळ्यात मोठा भाग हा होता.

निघायच्या दोन महिने आधी मी जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला. बारा दिवस, रोज दोन जेवणं, म्हणजे चोवीस जेवणं. "यातली सहा माझी," मी म्हटलं. "बाकीची वाटून घ्या." ह्यांना वाटलं मी चिडले आहे. मी चिडले नव्हते, मोजत होते. आईनं नियम पाळावा ही त्यांची इच्छा, आईला न्यावं हीही त्यांची इच्छा, मग ती इच्छा माझ्याच हातांनी का पुरी व्हावी? आईचा नियम मुलानं सांभाळायला नको का?

दोन महिने रविवारी सराव झाला. हे भात-आमटी आणि एक भाजी शिकले. मुलगा पंधरा वर्षांचा, त्यानं पाणी गाळणं, उकळून बाटल्या भरणं आणि बाजार घेतला. मुलीनं फुलके घेतले. सासूबाई म्हणाल्या, "मग मी काय बसून राहू?" त्यांनी भाजी निवडणं घेतलं, आणि खलबत्त्यात चटणी कुटणं. तिथे ताजा बेसिल म्हणजे आपल्या सब्ज्याचीच पानं. ती, इथून नेलेले काजू आणि तेल, लसूण नाही, चीज नाही. आमच्या घरचा पेस्तो तोच.

ह्यांची पहिली फारिनाता ताटाला अशी चिकटली की सुरीनं खरवडून खावी लागली. तिसरी चांगली झाली. त्या दिवशी मी सकाळी एकटी समुद्रावर जाऊन दीड तास बसले. लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत सहलीला गेल्यावर मला असा रिकामा वेळ पहिल्यांदा मिळाला.

काय वगळलं

पाहण्याच्या यादीतूनही आम्ही काही गोष्टी काढल्या. जिनोआचं मत्स्यालय प्रसिद्ध आहे, १९९२ पासूनचं. मुलाला जायचं होतं. काचेत कोंडलेले जीव पैसे देऊन बघायचे का, यावर घरात दोन संध्याकाळ वाद झाला, शेवटी त्यानंच नाव खोडलं. कामोली या देखण्या गावात मे महिन्यात मासे तळण्याचा मोठा उत्सव असतो, प्रचंड कढईत. त्या तारखा पाहून तिकडे नंतर गेलो. उलट हे कळलं की याच समुद्रात १९९९ मध्ये इटली, फ्रान्स आणि मोनॅको यांनी करार करून देवमासे आणि डॉल्फिनसाठी राखीव पट्टा ठरवला आहे. पाण्याकडे पाहताना सासूबाईंना ते सांगितलं. त्यांनी हात जोडले.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. माझी लेक वीस वर्षांची, पुण्यात वसतिगृहात राहते. चौथ्या दिवशी तिनं आजीला स्वतःच सांगितलं की ती बाहेर बटाटा खाते. मी घाबरले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "नियम घ्यायचा असतो गं, घालायचा नसतो. पण आईपासून लपवून खाऊ नकोस." मला हे पूर्ण पटलेलं नाही. घरात एक रीत असावी असं मला अजूनही वाटतं. पण त्या दिवसानंतर लेक रोज आजीबरोबर सूर्यास्ताआधी जेवली, कुणी न सांगता. त्यापुढे मी काही बोलले नाही.

शेवटच्या संध्याकाळी साडेसातला जेवणं आटोपली. भांडी मुलानं घासली. आम्ही त्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर गेलो. सासूबाई बाकावर बसून सामायिक करत होत्या, समोर सूर्य अजून बराच वर होता. उठल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझ्या आईलाही घेऊ बरोबर. तिचाही चौविहार आहे ना?"

तर मैत्रिणींनो, पुढच्या सहलीचा विषय घरात निघाला की तिकिटांचे दर बघायच्या आधी एक कागद घ्या. वर लिहा, कुणाचा काय नियम. खाली लिहा, त्यासाठी कोण काय करणार. दुसऱ्या रकान्यात सगळीकडे तुमचंच नाव येत असेल तर अजून बेत झालेला नाही. तुमच्या घरी हे कसं चालतं, मला जरूर लिहा.

जय जिनेंद्र.